शास्त्र ईश्वरप्रेरित कशावरून? ख्रिस्ती युक्तिवादाचे परीक्षण

कोणत्याही धर्ममार्गात शास्त्राचे वचन हे अंतिम आधार मानले जाते. आचार कोणता करावा, काय टाळावे, जीवाला सुटका कशाने, या प्रश्नांची उत्तरे साधक शास्त्रातून घेतो. परंतु त्याच्याही आधी एक प्रश्न उभा असतो. हे शास्त्र ईश्वराचे, असे कशावरून मानावयाचे? स्वमतात वाढलेल्या मनुष्यास हा प्रश्न सहसा पडत नाही. तो पडतो परमताशी गाठ पडल्यावर. त्या वेळी दुसऱ्याच्या ग्रंथाला जी कसोटी लावली जाते, तीच आपल्या ग्रंथाला लावण्याची तयारी असावी लागते. ती तयारी नसेल तर चर्चेला वादाचे नव्हे, जल्प-वितंडेचे रूप येते. या दृष्टीने ख्रिस्ती लोक आपले बायबल ईश्वरप्रेरित मानतात ते कोणत्या आधारावर, आणि ते आधार कितपत टिकतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार विदर्भाच्या पूर्वटोकास, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात, विशेष अर्थपूर्ण होतो. १९८२ च्या २६ ऑगस्टपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. येथील गोंड, माडिया समाजाचे धर्मज्ञान ग्रंथात नव्हते, मुखात होते. पेनाची कथा, कुळांची उत्पत्ती, लिंगोचे चरित्र हे परधान किंगरीच्या साथीने गात आणि गोत्रातील लोक ते ऐकून प्रमाण मानीत. नागपुरास १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी असे एक लिंगोगीत टिपून घेतले; त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी ते छापून प्रसिद्ध केले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने चांद्यास ठाणे दिले. १९६२ साली केरळातील सिरो-मलबार कॅथॉलिकांचे चांदा मिशन स्थापन झाले आणि १९७७ साली त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. मुखी परंपरेच्या या प्रदेशात, ज्याचे प्रत्येक वचन ईश्वराचे मानावयाचे असा एक छापील ग्रंथ आला. अक्षर न ओळखणाऱ्या मनुष्यासमोर तो ठेवला गेला, तेव्हा त्याने साहजिकच विचारावे असे काय? हे देवाचे बोलणे आहे, हे तुम्हास कोणी सांगितले? प्रश्न साधा आहे. ख्रिस्ती पंडितांनी अठराशे वर्षे त्याची उत्तरे दिली आहेत.

प्रतिज्ञा नेमकी कोणती

खंडनापूर्वी प्रतिपक्षाची प्रतिज्ञा नीट समजून घेणे हा शास्त्रीय चर्चेचा पहिला नियम. बायबल अपौरुषेय आहे असे ख्रिस्ती म्हणत नाहीत. मीमांसकांचा वेद कर्त्यावाचून आहे, बायबलला कर्ते आहेत. ते आकाशातून अक्षरशः उतरले असेही त्यांतील बहुसंख्य मानीत नाहीत. कुराणाविषयी मुसलमानांची श्रद्धा याहून निराळी आहे. बायबल हा वस्तुतः एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंटांच्या गणनेने त्यात ६६ पुस्तके, कॅथॉलिकांच्या गणनेने ७३. त्यांचा बराचसा भाग हिब्रूत, थोडा अरामीत, उरलेला ग्रीकमध्ये. लेखकांत राजे आहेत, मेंढपाळ आहेत, जकातदार आहे, परंपरेनुसार वैद्यही आहे. प्रत्येकाची भाषा व प्रकृती वेगळी आहे. लूकने तर आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगून टाकले आहे की प्रारंभापासून पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा त्याने नीट शोध केला आणि मग क्रमवार लिहिले. प्रत्यक्षदर्शींना विचारून लिहिणारा हा लेखक स्वतःस संशोधक म्हणवितो, देवाचा लेखनिक म्हणवीत नाही.

मग प्रेरणा म्हणजे काय? तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्राला जे विशेषण लावले आहे, त्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ईश्वराने श्वासिलेले’ असा होतो. ख्रिस्ती सिद्धान्त असा की मनुष्याने आपल्या बुद्धीने, आपल्या भाषेत लिहिले, तरी त्याच्या लेखनास ईश्वराचा असा श्वास होता की जे लिहिले गेले ते ईश्वराला सांगावयाचे होते तेच. कर्ता मनुष्यही आणि ईश्वरही. या दुहेरी कर्तृत्वामुळेच प्रश्न बिकट होतो. मनुष्याचे कर्तृत्व डोळ्यांना दिसते. ईश्वराचे कर्तृत्व सिद्ध करावे लागते.

पहिली युक्ती : ग्रंथ स्वतः सांगतो

सर्वांत सोपा आधार असा की बायबलच स्वतःस ईश्वरप्रेरित म्हणते. यावर आत्माश्रयाचा दोष तत्काळ लागू होतो. साक्षीदाराच्या सत्यतेला तोच साक्षीदार प्रमाण होऊ शकत नाही. शिवाय ते विशेषण ज्या काळी लिहिले गेले, त्या काळी नव्या कराराची सर्व पुस्तके एकत्र झालेली नव्हती. तेव्हा ते वचन स्वतःस लागू करणे हाही एक वाढीव अर्थच होय.

विचारी ख्रिस्ती हा दोष ओळखतात आणि युक्ती थोडी बदलतात. ते म्हणतात, शुभवर्तमाने प्रथम ईश्वरप्रेरित म्हणून वाचू नका. सामान्य इतिहासाचे ग्रंथ म्हणून वाचा. त्यांतून येशूचे चरित्र, त्याचा मृत्यू आणि त्याचे पुनरुत्थान पुरेशा विश्वसनीयतेने कळते. असा पुरुष कोण असावा याचा निर्णय करा. तो ईश्वरपुत्र ठरला, तर त्याने जुन्या शास्त्राला ईश्वरवचन मानले आणि आपल्या शिष्यांना अधिकार दिला, म्हणून दोन्ही करार प्रमाण ठरतात. न्यायशास्त्राच्या भाषेत हा आप्तवचनाचा मार्ग आहे. आधी आप्त सिद्ध करावयाचा, मग त्याचे वचन.

या मांडणीत आत्माश्रय राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सर्व भार इतिहासाच्या एका खांबावर येतो. तो खांब, विशेषतः पुनरुत्थानाची साक्ष, जितका बळकट तितकाच निष्कर्ष बळकट. इतिहास हा संभवाच्या पलीकडे जात नाही; आणि ग्रंथाच्या प्रत्येक वाक्याविषयी निःशंक खात्री हा निष्कर्ष संभवातून निघत नाही.

दुसरी युक्ती : चमत्कार आणि भविष्यकथन

एकोणिसाव्या शतकातील मिशनरींचा भर या युक्तीवर होता. १८२९ साली मुंबईस आलेले जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांचा १८३१ मधील वाद मराठी धर्मचर्चेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यानंतर पाव शतकाने, १८५७ च्या पूर्वार्धात, विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडा वाद केला. या व अशा वादांत मिशनऱ्यांचा पक्ष असा की ईश्वराने ज्यास पाठविले त्याच्या हातून अलौकिक कृत्ये करविली व त्याचे आगमन आधीच प्रवक्त्यांच्या मुखे वर्तविले. म्हणून ते शास्त्र सत्य.

यास देशी पंडितांचे उत्तर सरळ होते. चमत्कार आमच्याही ग्रंथांत आहेत. ते असत्य म्हणता, मग तुमचे सत्य कसे? आणि ते सत्य मानाल, तर आमचे शास्त्रही सिद्ध झाले. या उत्तराने बायबल खोटे ठरत नाही. पण चमत्कार हा एकाच शास्त्राचा विशेष पुरावा होऊ शकत नाही, हे मात्र ठरते. न्यायाने पाहिले तर हे उत्तर देणाऱ्या पक्षावरही तोच नियम बंधनकारक होतो. आपल्या अवतारांच्या अलौकिक लीला श्रद्धेला पोषक असतील. परमतखंडनाचे शस्त्र म्हणून त्या वापरता येणार नाहीत.

तिसरी युक्ती : धर्मसंघाची साक्ष

कॅथॉलिक परंपरा येथे वेगळी वाट घेते. कोणती पुस्तके शास्त्रात आणि कोणती बाहेर, हे पुस्तकांनी ठरविले नाही, धर्मसंघाने ठरविले. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रात प्रथम आढळते. जुन्या करारातील काही पुस्तकांविषयीचा वाद तर पुढेही राहिला, आणि १५४६ साली ट्रेंट येथील परिषदेने कॅथॉलिकांपुरता तो मिटविला. चौथ्या-पाचव्या शतकातील ऑगस्टीनने स्पष्टच म्हटले आहे की धर्मसंघाच्या अधिकाराने प्रवृत्त केले नसते तर त्याने शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता.

प्रॉटेस्टंटांचा आक्षेप असा की संघाचा अधिकार कशावरून? शास्त्रात दिला आहे म्हणून. शास्त्र प्रमाण कशावरून? संघ सांगतो म्हणून. हा अन्योन्याश्रय झाला. कॅथॉलिकांचे समाधान असे की कालक्रमाने संघ आधीचा आहे; नव्या करारातील एकही ओळ लिहिली जाण्यापूर्वी ख्रिस्ताला मानणारे लोक एकत्र येत होते, भाकरी मोडीत होते, ऐकलेले वचन सांभाळीत होते. ग्रंथ त्यांच्या उदरातून जन्मला. या समाधानात तथ्य आहे. परंपरेवाचून कोणताही ग्रंथ हाती येत नाही. तथापि परंपरा ग्रंथ सांभाळते म्हणून ती प्रमादरहित ठरत नाही. रखवालदार प्रामाणिक आहे एवढे त्यावरून कळते. धन कोणाचे, हे कळत नाही.

चौथी युक्ती : अंतःकरणाची साक्ष

सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन याने वरील तिन्ही युक्तींना दुय्यम ठरविले. त्याचे म्हणणे असे की शास्त्राचे प्रामाण्य युक्तिवादाने सिद्ध होत नाही; ज्या आत्म्याने प्रवक्त्यांच्या मुखे उद्गार काढला तोच आत्मा वाचकाच्या अंतःकरणात साक्ष देतो. गोड व कडू जसे चाखताच कळते, तसे हे. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादाशी या मताचे साम्य लक्षणीय आहे. ज्ञान उत्पन्न होते ते प्रमाण म्हणूनच; त्यास दुसऱ्या प्रमाणाची अपेक्षा नाही, बाधक आले तरच ते अप्रमाण.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण नारायण वामन टिळक यांचे. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांचे मन बांधले गेले, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणत्या परिषदेने कोणती यादी केली याचा विचार करून त्यांनी तो निर्णय घेतला नव्हता. वचनच त्यांना पटले. पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यास वेचली. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले; १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. अशा माणसांची निष्ठा भ्रम म्हणून झटकून टाकणे हे विचाराचे लक्षण नव्हे.

तरीही नैयायिकांचा आक्षेप येथे उभा राहतो. कुराण वाचून मुसलमानाच्या, गीता वाचून हिंदूच्या, आपल्या शास्त्राच्या श्रवणाने इतरांच्याही अंतःकरणात अशीच साक्ष उमटते. साक्षी परस्परविरुद्ध असता केवळ साक्षीने निर्णय होत नाही. अंतःसाक्ष श्रद्धावंताला स्वतःपुरती पुरेशी असू शकेल. दुसऱ्याला ती बांधून घेत नाही. हा भेद ध्यानात ठेवला तर या युक्तीचे बळ व तिची मर्यादा दोन्ही कळतात.

दोषाची शंका

प्रेरणा मानली की निर्दोषतेचा प्रश्न येतो. ईश्वर बोलला, मग चूक कशी? थडग्यापाशी एक देवदूत होता की दोन, येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले ते सेवाकाळाच्या आरंभी की अखेरीस, याविषयी चार शुभवर्तमाने एकमत नाहीत. सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली या कथेची गाठ तर याच अरण्यप्रदेशाच्या मातीशी पडते. ज्या हिस्लॉपनी लिंगोगीत टिपले, तेच भूगर्भशास्त्राचेही अभ्यासक होते. वर्धेच्या खोऱ्यातील मांगली येथे सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली केले. ती हिस्लॉप व त्यांचे सहकारी हंटर यांच्या संशोधनातून पुढे आली होती. सिरोंचाजवळच्या कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत ज्युरासिक युगातील, म्हणजे १५ कोटी वर्षांहून जुने, मासे व इतर प्राणी दगड होऊन पडले आहेत. मिशनरीच्या एका हातात उत्पत्तीचे पुस्तक आणि दुसऱ्या हातात हा दगड, अशी ती स्थिती होती. त्याच चर्चचे विख्यात भूगर्भज्ञ ह्यू मिलर यांनी दिवस म्हणजे दीर्घ युग असा अर्थ लावून दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न केला. त्यांचा तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८५७ साली प्रसिद्ध झाला.

यावर ख्रिस्ती मंडळीत आज मुख्यतः दोन पक्ष दिसतात. एक पक्ष १९७८ साली शिकागो येथे प्रसिद्ध झालेल्या घोषणेचा. मूळ हस्तलिखितांत कोणत्याही विषयाची चूक नव्हती, असे तो मानतो. पण ती मूळ हस्तलिखिते आज कोणापाशीच नाहीत. जो ग्रंथ हाती नाही त्याची निर्दोषता हाती असलेल्या ग्रंथाच्या उपयोगी किती पडणार? दुसरा पक्ष दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मांडला. जीवाच्या तारणासाठी ईश्वरास जे सत्य सांगावयाचे होते ते शास्त्र अचूक सांगते, असा त्याचा आशय. हा पक्ष अधिक सावध आहे. शास्त्राचा विषय तारण आहे, भूगर्भ नव्हे. मात्र तारणाचा विषय कोठे संपतो आणि इतिहासाचा कोठे सुरू होतो, ही रेषा आखण्याचे काम पुन्हा वाचकावर अथवा संघावर येते.

स्वमताकडे दृष्टी

हे परीक्षण येथेच थांबविले तर ते अपुरे राहील. महानुभाव पंथाचे शास्त्र सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मुखातील वचन आहे. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्या मिळविल्या आणि श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि स्मरणाने लीळा पुन्हा बांधाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. त्या वेळी निरनिराळ्या स्मरणकर्त्यांच्या पाठांत जो फरक पडला, तो पूर्वाचार्यांनी लपविला नाही. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे नावनिशीवार नोंदवून ठेवले. केसोबासांनी वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला.

येथे ख्रिस्ती सिद्धान्ताहून एक भेद स्पष्ट दिसतो. म्हाइंभटांची लेखणी ईश्वराने चालविली असे पंथ म्हणत नाही. ईश्वर बोलला तो वक्त्याच्या ठिकाणी. लेखकाचा गुण प्रामाणिकपणा. ख्रिस्ती मतात वक्ता ईश्वर आणि त्याचे वृत्त लिहिणारा लेखकही ईश्वरप्रेरित, असे दोन टप्पे आहेत; म्हणून त्यास दुसऱ्या टप्प्याचे प्रमाण वेगळे द्यावे लागते. महानुभावास पाठभेद दिसला तर तो शोधनीचा विषय होतो. ख्रिस्ती शब्दवाद्यास तो श्रद्धेवरचा आघात वाटतो.

परंतु या भेदाचा अभिमान धरण्यापूर्वी पहिला टप्पा आठवावा. वक्ता हाच परमेश्वर, हे कशावरून? या ठिकाणी ख्रिस्ती आणि महानुभाव एकाच पायरीवर उभे आहेत. चरित्र, वचनाची सुसंगती, परंपरेची साक्ष, अंतःकरणाचा प्रत्यय हेच आधार उभयतांपाशी आहेत, आणि त्यांपैकी एकही सुटा घेतला तर निर्णायक नाही. आपला आधार सिद्धान्त आणि दुसऱ्याचा आधार अंधश्रद्धा, असे म्हणण्यास येथे जागा उरत नाही.

औषध आणि शास्त्र

न्यायसूत्रकारांनी वेदप्रामाण्यासाठी एक दृष्टान्त घेतला आहे. आयुर्वेदाचा गुण प्रत्यक्ष दिसतो. ज्या आप्ताचे दृष्ट विषयातील वचन खरे ठरते, त्याचे अदृष्ट विषयातील वचनही खरे मानावे. हीच युक्ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात शब्दांवाचून चालत आली आहे. हिवतापाने फणफणलेल्या मुलाला ज्याने क्विनाइन दिले, त्याच्या हातातील पुस्तकही खरेच असावे, असे आईला वाटणे स्वाभाविक आहे. ब्रह्मपुरीच्या ख्रिस्तानंद रुग्णालयासारख्या संस्थांची सेवा लोकांना परिचित आहे, आणि त्या सेवेचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल.

तरी अनुमान म्हणून या युक्तीत एक उणीव आहे. सूत्रकारांच्या दृष्टान्तात औषध सांगणारा व शास्त्र सांगणारा आप्त एकच मानला आहे. क्विनाइनचा गुण ज्याने शोधला तो शुभवर्तमानाचा कर्ता नव्हे. १९७३ साली हेमलकशास सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात माडियांना औषधच मिळाले. त्यासोबत कोणतेही शास्त्र मानण्याची अपेक्षा नव्हती. तेव्हा औषधाच्या गुणाने ग्रंथाचे प्रामाण्य सिद्ध होत नाही. औषध देणाऱ्याची करुणा मात्र सिद्ध होते.

पण ज्यास अक्षर वाचता येत नाही, त्याच्यापाशी याहून दुसरी कसोटी आहे कोणती? तो हिब्रू जाणत नाही, ग्रीक जाणत नाही, ३६७ सालचे पत्र त्यास ठाऊक नाही. त्याच्यासमोर फक्त ग्रंथ वाचून दाखविणारा मनुष्य आहे. आपले म्हणणे कोणाच्या भाषेत मांडावे, याचा निर्णय श्रीनागदेवाचार्यांनी सातशे वर्षांपूर्वी केला होता. संस्कृत रचनेने आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, असे त्यांनी केसोबासांना बजावले. रमाबाईंनीही सोपी मराठी धरली ती याच कळकळीने. सामान्यास कळेल असे बोलणे हे ज्ञात्याचे कर्तव्य आहे. आणि त्याच्या न कळण्याचा लाभ न घेणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे. रुग्णाच्या उशाशी ग्रंथाचे प्रामाण्य पटवू पाहणारा, मग तो कोणत्याही पंथाचा असो, युक्तिवाद करीत नसून अडचणीचा उपयोग करीत असतो.

निष्कर्ष असा की ख्रिस्ती मनुष्याची शास्त्रश्रद्धा निराधार नाही आणि निर्णायकपणे सिद्धही नाही. चारही युक्ती एकत्र घेता आतील मनुष्यास ती विवेकाशी विसंगत वाटू नये इतके बळ त्यांत आहे. बाहेरच्या मनुष्यास बांधून घेण्याइतके नाही. हाच निर्णय समतेने सर्व शास्त्रांना लागू होतो. यापुढे शास्त्राची परीक्षा तर्काच्या हाती फारशी राहत नाही, ती शास्त्र धारण करणाऱ्याच्या आचाराच्या हाती जाते. अरण्यातील निरक्षर श्रोता ग्रंथाकडे नव्हे, ग्रंथ धरलेल्या हाताकडे पाहतो. तो हात कसा वागतो, एवढेच त्यास पडताळता येते. म्हणून शास्त्र ईश्वराचे आहे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने, ख्रिस्ती असो वा महानुभाव, तेवढे तरी त्यास पडताळू द्यावे.